चार वस्तूंची पिशवी आणि पृथ्वीप्रदक्षिणा : थॉमस स्टीव्हन्सची गोष्ट



शाळेची सायकल सहल ठरली की घरोघरी पहिला वाद होतो तो सामानावरून. आईला वाटतं दोन स्वेटर हवेतच. बाबा म्हणतात टॉर्च घे, जास्तीचे सेल घे. आजी चिवड्याचा डबा आणि लाडू भरते. मुलाला स्वतःला स्पीकर न्यायचा असतो. शेवटी पाठीवरची सॅक अशी काही फुगते की पहिल्याच चढाला मूल सायकलवरून उतरतं आणि ढकलायला लागतं. मग शाळेकडे मागणी येते : सर, तुम्हीच एक यादी द्या.

यादी देणं सोपं आहे. पण यादी कशी करायची हे मुलाला उमगलं तर ते जन्मभर पुरतं. त्यासाठी एका माणसाचं चरित्र फार कामाला येतं. सुमारे 140 वर्षांपूर्वी हा माणूस एका छोट्या पिशवीत मोजकं सामान भरून सायकलवर बसला आणि पृथ्वीला फेरी मारून आला. त्याचं नाव थॉमस स्टीव्हन्स. सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो. सातवी ते नववीच्या वर्गात एका तासात सांगता येईल अशी ही गोष्ट आहे.

बालपण आणि घर

थॉमसचा जन्म 24 डिसेंबर 1854 रोजी इंग्लंडमधल्या बर्कहॅमस्टेड या गावी झाला. वडील मजूर होते. घरची परिस्थिती बेताची. त्या काळी इंग्लंडमधली अनेक गरीब कुटुंबं पोटासाठी अमेरिकेची वाट धरत होती, तशी याही घरानं धरली. 1871 मध्ये, म्हणजे आपल्याकडे मूल अकरावीत असतं त्या वयात, थॉमस अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात पोहोचला. घरची मंडळी नंतर आली.

पुढची काही वर्षं त्यानं मिळेल ते काम केलं. वायोमिंगमध्ये रेल्वेच्या गिरणीत काम केलं, कोलोराडोत खाणीत केलं. या खाणीत काम करत असतानाच त्याच्या डोक्यात एक विचार शिरला : अख्खी अमेरिका सायकलवरून पार करायची. तो काही शर्यतीतला नावाजलेला सायकलपटू नव्हता. पैसेवाला तर नव्हताच. कष्टाची सवय असलेला, उघड्यावर राहिलेला, कमी वस्तूंत भागवायला शिकलेला एक तिशीचा मजूर, एवढीच त्याची तयारी. पण पुढे हीच तयारी त्याच्या उपयोगी पडली.

ती सायकल कशी होती?

इथे वर्गात थोडं थांबायला हवं. कारण सायकल म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर आजची सायकल येते. स्टीव्हन्सची सायकल होती पेनी-फार्दिंग, म्हणजे पुढचं चाक प्रचंड मोठं आणि मागचं अगदी लहान. पेनी हे मोठं नाणं आणि फार्दिंग हे छोटं नाणं, ती दोन नाणी शेजारी ठेवल्यावर जशी दिसतात तशी ही सायकल दिसायची, म्हणून हे नाव. पोप कंपनीनं बनवलेली ती कोलंबिया सायकल होती. पुढचं चाक 50 इंचांचं, म्हणजे जवळपास 127 सेंटिमीटर. पाचवी-सहावीतल्या बऱ्याच मुलांच्या तर ते खांद्याला लागेल.

या सायकलला चेन नव्हती, गिअर नव्हते. पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच बसवलेलं. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. (मुलांना परीघ काढायला सांगा. उत्तर सुमारे 4 मीटर येईल.) टायर भरीव रबराचा. हवेचा टायर डनलॉपनं 1888 मध्ये आणला, म्हणजे ही स्वारी संपल्यानंतर. त्यामुळे पंक्चर होण्याची भीती नाही, पण दगडधोंड्यांचा प्रत्येक हादरा थेट हाडांपर्यंत.

सर्वांत मोठा धोका वेगळाच होता. बसणारा जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावरच बसायचा. चाक खड्ड्यात किंवा दगडाला अडलं की माणूस हँडलवरून उलटा, तोंडावर आपटायचा. आता विचार करा, अशा सायकलवर सामान कुठे बांधणार? मागचं चाक एवढंसं, तिथे कॅरियर नाही. पिशवी हँडलला अडकवायची, पण तिथे वजन वाढलं की सायकल पुढे कलंडणार. म्हणजे सामान कमी ठेवणं ही हौस नव्हती. जास्त सामान म्हणजे दात पडण्याची तयारी.

पिशवीत काय होतं?

22 एप्रिल 1884 रोजी सकाळी आठ वाजता स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. त्याच्या हँडलच्या पिशवीतल्या ज्या वस्तू प्रसिद्ध आहेत त्या चारच : पायमोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट आणि एक लहान पिस्तूल.

या चार वस्तू फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, पायमोजेच का? मुलं हसतात. पण दिवसभर पेडल मारणाऱ्या आणि मैलोन् मैल चालणाऱ्या माणसाचा सगळा डोलारा पायांवर असतो. ओल्या मोज्यांनी फोड आला की दुसऱ्या दिवशीचा प्रवास गेलाच. जादा शर्ट का? घामानं भिजलेला शर्ट अंगावर ठेवून डोंगरातल्या गार रात्री झोपणं म्हणजे आजाराला आमंत्रण. एक अंगावर, एक कोरडा. तिसऱ्याची गरज नाही.

रेनकोट ही या यादीतली सर्वांत हुशारीची वस्तू. तो पावसात अंगावर घालायचा, रात्री तंबूसारखा वर ताणायचा आणि त्यालाच अंथरूण-पांघरूणही करायचं. एका वस्तूच्या वजनात तीन वस्तूंचं काम. आपल्याकडे इरलं पाठीवर घेऊन लावणी करणाऱ्या बाईला किंवा घोंगडी खांद्यावर टाकून हिंडणाऱ्या धनगराला हे कुणी शिकवावं लागत नाही. घोंगडी म्हणजे पावसातलं पांघरूण, बसायचं आसन, झोपायची पथारी आणि वेळ पडली तर बोचकंही. स्टीव्हन्सचा रेनकोट हा त्याच जातीचा.

चौथ्या वस्तूबद्दल, पिस्तुलाबद्दल, मुलांशी मोकळेपणानं बोलावं. ओसाड मुलूख, जंगली जनावरं, वाटमारीची भीती, असा तो काळ होता. आज त्याची गरज नाही आणि ते योग्यही नाही. पण सुरक्षिततेसाठी एक तरी गोष्ट जवळ हवी हा विचार बरोबरच होता. ती गोष्ट आज कोणती, ते शेवटी बघू.

या चार वस्तूंमागे दोन साधे प्रश्न दडलेले दिसतात. रस्ता मला काय देईल? आणि रस्ता मला काय देणार नाही? जे रस्त्यात मिळेल ते उचलून न्यायचं नाही. जे मिळणार नाही ते मात्र विसरायचं नाही. पुढची सगळी गोष्ट याच दोन प्रश्नांची आहे. स्टीव्हन्सला उत्तरं दरवेळी बरोबर आली असं नाही.

अमेरिका पार

सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्यावर थोड्याच दिवसांत सिएरा नेवाडाच्या बर्फाळ डोंगररांगा लागल्या. रस्ते बर्फाखाली. मग रेल्वेच्या रुळांवर बर्फ साचू नये म्हणून मैलोन् मैल बांधलेल्या लाकडी छपरांच्या बोगद्यांतून तो सायकल ढकलत चालला. आत अंधार, आणि गाडी कधी येईल याचा नेम नाही.

तेव्हाच्या अमेरिकेत पश्चिमेकडे सायकलला शोभेल असा रस्ता जवळजवळ नव्हताच. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, रेल्वेमार्गाच्या कडा, कालव्याकाठच्या पायवाटा, असं जे मिळेल त्यावरून तो गेला. एकूण वाटेपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याला पायीच जावं लागलं. हे मुलांना मुद्दाम सांगावं. सायकलनं देश पार केला म्हणजे तो सगळा वेळ ऐटीत सायकलवर बसून होता, असं नाही. उतरून ढकलण्यात कमीपणा नसतो, आणि ढकलतानाच पिशवीचं खरं वजन कळतं.

4 ऑगस्ट 1884 रोजी तो बोस्टनला पोहोचला. सुमारे 3,700 मैल, म्हणजे जवळपास 6,000 किलोमीटर, साडेतीन महिन्यांच्या आत. सायकलनं अमेरिका खंड आडवं पार करणारा तो पहिला.

हिवाळा त्यानं न्यूयॉर्कमध्ये काढला. तिथे आउटिंग नावाच्या मासिकात त्याच्या प्रवासाची वर्णनं छापून आली आणि मासिकानं त्याला आपला खास बातमीदार म्हणून नेमलं. त्यामुळे पुढच्या प्रवासाचा रस्ता मोकळा झाला. आता पिशवीत कागद आणि लेखणीचंही काम वाढलं. खाणीत राबलेला हा मजूर पुढे दोन जाडजूड खंडांचा लेखक झाला, तो या प्रवासात रोज पाहिलेलं नीट लिहून ठेवल्यामुळे.

युरोप : भाषा नाही तरी सोबत

9 एप्रिल 1885 रोजी तो बोटीनं इंग्लंडला निघाला. 4 मे रोजी लिव्हरपूलहून त्यानं पुन्हा पेडल मारलं, तेव्हा निरोप द्यायला शेकडो लोक जमले होते. डोक्यावर उन्हासाठी पांढरी हॅट होती, आपल्याकडे जुन्या चित्रांत साहेबाच्या डोक्यावर दिसते तशी. वाटेत त्याचं जन्मगाव बर्कहॅमस्टेड लागलं. गरिबीमुळे ज्या गावातून घर उठलं, त्याच गावातून तो आता जगाच्या फेरीवर निघालेला पाहुणा म्हणून जात होता.

इंग्लंडमधले रस्ते अमेरिकेपेक्षा पुष्कळ चांगले होते. पुढे समुद्र ओलांडून फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया असं करत तो कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचला. हंगेरीत त्याला काही दिवस एक सोबती मिळाला. गंमत म्हणजे दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती. तरी दोघं हातवाऱ्यांवर आणि हसण्यावर दिवसच्या दिवस बरोबर सायकल चालवत राहिले.

युरोपात पिशवी हलकी ठेवणं सोपं होतं. दर काही मैलांवर गाव, खानावळ, लोहार. रस्ता बरंच काही देत होता.

इस्तंबूल : यादी बदलते

इस्तंबूलला स्टीव्हन्सनं विश्रांती घेतली आणि पिशवी पुन्हा भरली. आमच्या दृष्टीनं हा या चरित्रातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

पुढे आशिया होता. अनातोलियाचं पठार, आर्मेनियाचे डोंगर, मग इराण. तिथे भाकरी मिळेल, दूधदही मिळेल, सरायांमध्ये झोपायला जागा मिळेल. पण सायकलचा एक सुटा भागही मिळणार नाही, कारण तिथल्या बहुतेक लोकांनी सायकल पाहिलेलीच नव्हती. म्हणून त्यानं जादा स्पोक घेतले, टायर घेतले, इतर सुटे भाग घेतले. आधीच्या पिस्तुलापेक्षा चांगलं पिस्तूल घेतलं. पुढच्या वाटेवर दरोडेखोरांचा उपद्रव असल्याच्या बातम्या होत्या. त्या निवळेपर्यंत तो थांबला.

बघा, पायमोजे आणि शर्टाच्या यादीत आता स्पोक आले. वस्तू वाढल्या, पण प्रश्न तेच दोन. रस्ता काय देईल आणि काय देणार नाही. एकदा केलेली यादी कायमची नसते, वाट बदलली की ती बदलायची. कोकणातल्या सहलीची यादी घेऊन कुणी डिसेंबरात महाबळेश्वरला जात नाही. आणि थांबणं हाही तयारीचाच भाग आहे. पाऊस किंवा दरड यांची बातमी असेल तर सहल दोन दिवस पुढे ढकलणाऱ्या शिक्षकाला भित्रा म्हणू नये. जगाची फेरी मारणारा माणूससुद्धा थांबला होता.

इराणची माणसं

तुर्कस्तान आणि इराणच्या गावागावांत त्याची सायकल म्हणजे चालताबोलता चमत्कार होता. गावात शिरलं की गर्दी जमायची आणि चालवून दाखव म्हणून आग्रह व्हायचा. थकून भागून आलेल्या माणसाला हे जड जायचं. कधी चिडचिड व्हायची. पण त्याच गर्दीतून कुणीतरी त्याला घरी न्यायचं, जेवायला घालायचं, झोपायला जागा द्यायचं.

चार वस्तूंच्या पिशवीचं खरं गुपित इथे आहे. पिशवी हलकी राहिली, कारण तिचा उरलेला भार हजारो अनोळखी माणसांनी उचलला. तवा त्यांचा होता, गोधडी त्यांची होती, चूल त्यांची होती. एकट्याच्या हिमतीच्या गोष्टी सांगताना आपण हे विसरतो. वारीला जाणाऱ्या माणसाला हे बरोबर माहीत असतं. खांद्याला पिशवी, आणि बाकी सारं वाटेवरच्या गावांच्या भरवशावर.

1885-86 चा हिवाळा स्टीव्हन्सनं तेहरानमध्ये काढला. इराणच्या शहालाही त्याची सायकल बघायची उत्सुकता होती आणि त्यानं शहापुढे ती चालवून दाखवली.

अफगाणिस्तान : जे पिशवीत नव्हतं

आता पुढची वाट. रशियाच्या मुलखातून सायबेरियामार्गे जायची परवानगी मिळाली नाही. मग 10 मार्च 1886 रोजी तो तेहरानहून निघाला, अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात उतरायचा बेत करून.

काळ कसा होता ते मुलांना सांगायला हवं. रशिया आणि ब्रिटन, दोन बलाढ्य सत्ता अफगाणिस्तानच्या दोन बाजूंना टपून बसल्या होत्या. आदल्याच वर्षी, 1885 मध्ये, पंजदेहला रशियन आणि अफगाण सैन्यात चकमक होऊन युद्धाचे ढग जमले होते. सरहद्द आखण्याचं काम चालू होतं. अशा वेळी इंग्रजी बोलणारा एक परका माणूस, विचित्र यंत्रावर बसून, परवानगीशिवाय आपल्या हद्दीत शिरला तर कोणतंही सरकार काय करील? अफगाण अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं, पहाऱ्यात ठेवलं आणि देशाबाहेर पाठवून दिलं.

पिशवीत स्पोक होते, पिस्तूल होतं, रेनकोट होता. कामाची एकच वस्तू नव्हती : परवानगीचा कागद. आणि इथे स्टीव्हन्सची बाजू घ्यायचं कारण नाही. धाडसी होता म्हणून तो बरोबर होता असं होत नाही. ज्यांच्या घरातून जायचं त्यांना विचारून जावं, हा नियम जगप्रवाशालाही लागू असतो.

ही एक चूक त्याला केवढ्याला पडली ते नकाशावर दाखवा. मागे फिरून कॅस्पियन समुद्र बोटीनं, तिथून बाकू, रेल्वेनं काळ्या समुद्राचा काठ, बोटीनं परत इस्तंबूल, मग तांबड्या समुद्रातून कराची, आणि कराचीहून रेल्वेनं लाहोर. जिथून सरळ पूर्वेला यायचं होतं तिथे पोहोचायला अर्धा नकाशा फिरावा लागला.

आपल्या देशात

1886 मध्ये स्टीव्हन्स लाहोरहून सायकलनं निघाला आणि ग्रँड ट्रंक रोडनं अमृतसर, दिल्ली, आग्रा, कानपूर, अलाहाबाद, बनारस करत कलकत्त्याला पोहोचला. शेरशहा सूरीनं सोळाव्या शतकात बांधून काढलेला, पुढे इंग्रजांनी खडी टाकून पक्का केलेला हा रस्ता त्याला फार आवडला. उकाड्यानं मात्र तो हैराण झाला. दरोडेखोरांची भीती नाही, सपाट रस्ता, ठरावीक अंतरावर उतरायला डाकबंगले. साऱ्या प्रवासात एवढी सोयीची वाट थोडीच होती.

पण इथे मुलांना एक प्रश्न विचारावा. ही सोय कुणासाठी होती? डाकबंगले प्रामुख्यानं सरकारी अंमलदार आणि गोऱ्या प्रवाशांसाठी होते. त्याच रस्त्यावरून त्याच दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन चालणाऱ्या आपल्या माणसाला ते दार उघडत नव्हतं. स्टीव्हन्स हिंदुस्थानात हलक्या पिशवीनिशी निर्धास्त फिरला, त्यात रस्त्याचा वाटा होता आणि राज्य कुणाचं होतं याचाही होता. पाहुणचार आणि अधिकार यांतला फरक मोठ्या वर्गातल्या मुलांना समजतो. त्यावर चांगली चर्चा होते.

चीन आणि जपान

कलकत्त्याहून बोटीनं तो हाँगकाँगला गेला आणि दक्षिण चीनमध्ये शिरला. फ्रान्स आणि चीन यांच्यातलं युद्ध नुकतंच, 1885 मध्ये संपलेलं. लोकांच्या मनात परक्यांविषयी राग होता. एका शहरात संतप्त जमावानं त्याच्यावर हल्ला केला. त्याचा जीव वाचला तो तिथल्या चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आसरा दिला म्हणून. त्यांनी त्याला नदीवाटे सुखरूप पुढे पाठवलं. हजारोंच्या जमावापुढे एका पिस्तुलानं काय होणार होतं? इस्तंबूलला मुद्दाम घेतलेली ती वस्तू खऱ्या संकटात कामी आली नाही, माणसं कामी आली.

शांघायहून तो जपानला गेला. नागासाकी ते योकोहामा ही शेवटची वाट त्याला अतिशय सुखाची झाली. 17 डिसेंबर 1886 रोजी योकोहामाला त्याचा सायकल प्रवास संपला. समुद्र आणि रेल्वेचा भाग सोडून, सायकलबरोबर सुमारे 13,500 मैल, म्हणजे 21,000 किलोमीटरहून अधिक अंतर झालं होतं. तिथून बोटीनं तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला. निघाल्यापासून पावणेतीन वर्षं लोटली होती.

पुढचं आयुष्य

या प्रवासावरचं त्याचं पुस्तक 1887 आणि 1888 मध्ये दोन खंडांत निघालं. पुढे एका वृत्तपत्रानं त्याला पूर्व आफ्रिकेत पाठवलं, प्रसिद्ध शोधप्रवासी स्टॅन्ली याचा माग काढायला. नंतर तो घोड्यावरून रशियात हिंडला. हिंदुस्थानातही पुन्हा आला, इथल्या साधूंच्या चमत्कारांची शहानिशा करायला. अखेर इंग्लंडमध्ये स्थिरावला, लग्न केलं आणि लंडनच्या गॅरिक थिएटरचा कारभार पाहू लागला. 24 जानेवारी 1935 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लंडनमध्ये तो वारला.

त्याची सायकल कंपनीनं बरीच वर्षं जपून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात लोखंड गोळा करण्याची मोहीम निघाली तेव्हा ती भंगारात गेली. जगाला फेरी मारून आलेलं ते चाक आज कुठेच बघायला मिळत नाही. राहिली ती त्यानं लिहून ठेवलेली हकिगत. म्हणून पिशवीत वही-पेन हवंच.

मग आपल्या मुलांच्या पिशवीत काय?

आता यादीकडे येऊ. मुलांना तयार यादी देऊ नका. दोन रकाने आखून द्या : रस्ता देईल, रस्ता देणार नाही. मुलं स्वतः भरतात. एका मुक्कामाच्या सहलीसाठी साधारण असं निघतं :

रस्ता देईल : जेवण, चहा, झोपायला शाळेची किंवा देवळाची जागा, पिण्याचं पाणी (पण दोन गावांमधल्या अंतरापुरती बाटली जवळ हवीच).

रस्ता देणार नाही : आपल्या मापाचं हेल्मेट, आपल्या सायकलच्या मापाची ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप आणि पाना, नेहमीची औषधं, जलसंजीवनीची पुडी, मलमपट्टी, पुढचा-मागचा दिवा, एक कोरडा कपड्यांचा जोड, पायमोजे, रेनकोट.

स्टीव्हन्सच्या पिस्तुलाच्या जागी : ओळखपत्र, पालक आणि शिक्षकांचे फोन नंबर कागदावर लिहून (मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही), थोडे सुटे पैसे.

त्याच्याकडे नसलेल्या कागदाच्या जागी : पालकांचं संमतीपत्र, शाळेची परवानगी, आणि मुक्काम करायचा त्या गावाला आधी दिलेली कल्पना.

दोन गोष्टी पालकांनी स्वतः तपासाव्यात. एक, ओझं पाठीवर नको, कॅरियरवर दोन्ही बाजूंना सारखं आणि शक्य तितकं खाली बांधावं. पिशवीचा बंद किंवा दोरी लोंबत राहून स्पोकमध्ये अडकणार नाही हे बघावं. दोन, आदल्या रविवारी सगळं सामान बांधून मुलाला गावाबाहेरच्या चढापर्यंत एक फेरी मारायला लावावी. परत आल्यावर मूल स्वतःच सांगेल काय काढायचं ते. आजीचे लाडू बहुधा राहतील, स्पीकर निघेल.

वर्गात विचारायचे प्रश्न

1. एका वस्तूचे तीन उपयोग : ओढणी, पंचा, चादर, रेनकोट. प्रत्येकाचे तीन उपयोग लिहा.
2. स्टीव्हन्सनं इस्तंबूलला पिशवीत बदल का केला? तुमच्या सहलीत असा बदल कुठे करावा लागेल?
3. अफगाण अधिकाऱ्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? कारण सांगा.
4. 50 इंचांच्या चाकानं 1 किलोमीटर जायला पेडलचे किती फेरे लागतील?
5. तुमच्या घरी अनोळखी प्रवासी आला तर तुम्ही त्याला काय द्याल?

पाचव्या प्रश्नाला वेळ ठेवा. मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणी पाणी म्हणतं, कुणी भाकरी म्हणतं, कुणी म्हणतं आधी बाबांना विचारीन, आणि तेही बरोबरच आहे. आपण हलकी पिशवी घेऊन निघायचं तर कुणाच्या तरी दाराच्या भरवशावर निघतो. तेव्हा आपलं दारही कुणासाठी तरी उघडं असावं, एवढं मुलांपर्यंत पोहोचलं तरी तास सत्कारणी लागला.